लाभाचं माप

अन्याय झाला तो माझ्या आईवर, गयाबाई तुळशीराम हिच्यावर. केव्हा झाला तेही लिहिते, कारण ज्या अन्यायाला वार आणि वेळ नसते तो लोक दुसऱ्या दिवशी पानटपरीवर गप्पांत घालवून टाकतात. पुष्य नक्षत्र लागून चौथा दिवस, मंगळवार, सकाळचे साडेआठ. तलावाच्या बांधावर, पाऊस मोजायच्या यंत्राभोवती जे तारेचं कुंपण होतं त्याच्या आत ती उकिडवी बसली होती. मापाचा ग्लास तिच्या हातात होता आणि तो तिच्या हातातून काढून घेतला गेला. अन्याय करणारे तिघं होते. त्यातल्या दोघांची नावं मी त्याच आठवड्यात पत्रकात छापायला दिली. तिसरं दिलं नाही, कारण ते मला गुरुवारी कळलं.

त्या दोघांची नावं इथं पुन्हा लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. चिखलीहून एस.टी.नं तासाभराचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्यांची नातवंडं मला आजही रस्त्यात भेटली की गाडी थांबवून विचारपूस करतात, आणि नातवंडांचा यात काही दोष नाही. महाराष्ट्र नवा होता, गावातले नळही नवे होते. गावापासून दोन मैलांवर नगरपालिकेचा तलाव आणि तलावाच्या बांधावर दोन खोल्यांची, टिनाच्या छपराची चौकी. तिथं आम्ही राहत होतो. चौकीदार म्हणून नाव माझ्या वडलांचं, तुळशीरामांचं. पण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडून त्यांना दिसेनासं झालं त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. नगरपालिकेला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. तलावातून पाणी सोडायच्या मोरीचं चाक फिरवायचं काम माय करायची, बांधावर चरायला येणाऱ्या बकऱ्या माय हाकलायची, आणि पाऊस माय मोजायची. सही बाबांची, तीही माय त्यांचा अंगठा शाईत बुडवून उमटवायची. "माह्या अंगठ्याले तेवढंच काम हाय," बाबा म्हणायचे, "त्यालेई तू धरून नेतं."

पाऊस मोजणं हे आमच्या घरातलं देवाचं काम होतं, आणि आमच्या घरात देव नव्हता. दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गेला, मायच्या कपाळावरचं कुंकू गेलं, राहिली ती ही साडेआठची वेळ. माप झाल्याशिवाय घरात चहा नाही, भाकरीला हात नाही. चूल पेटलेली असायची, गुळाचा काळा चहा उतू जायला आलेला असायचा, तव्याशेजारी तरोट्याची भाजी लसणाच्या फोडणीत चुरचुरत असायची, आणि बाबा खाटेवर बसून नाकानं सगळं मोजत असायचे. "साडेआठ झाले का नाही अजून? भाजीचं त झालं." चौकीत नगरपालिकेचं एक गजराचं घड्याळ होतं. ते वाजलं की माय डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाहेर जायची.

यंत्र म्हणजे काही विशेष नव्हतं. अर्धं जमिनीत पुरलेलं जस्ताचं नळकांडं, वर पितळी कडेचं नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. चोवीस तासांत जेवढं पाणी बाटलीत उतरलं ते रेघा पाडलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं. ग्लास काठोकाठ भरला की अर्धा इंच पाऊस. तो ओतून द्यायचा, पुन्हा भरायचा. असे पूर्ण ग्लास किती झाले आणि शेवटी उरलेलं पाणी कितव्या रेघेवर आलं, एवढं वहीत लिहायचं. मायला अक्षर येत नव्हतं पण आकडे येत होते. ग्लास डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून ती रेघ वाचायची तेव्हा वाटायचं, ही बाई कोणाचं तरी ऐकते आहे.

मोजायला ती खळ्यावर शिकली होती. तिचा बाप दुसऱ्यांच्या खळ्यावर ज्वारीच्या राशी मोजायला जायचा आणि ही पोत्याचं तोंड धरायची. आमच्याकडं रास मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही. एक म्हटलं की रास एकावरच अडते म्हणतात. म्हणून पहिली पायली ओतताना म्हणायचं 'लाभ', मग दोन, मग तीन. माय पाऊसही तसाच मोजायची. चौकीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं हाक द्यायची, "लाऽभ. दोऽन. अन् वरून बारा." म्हणजे दोन ग्लास आणि वर बारा रेघा. नगरपालिकेचे म्हातारे कारकून इतकी वर्षं पावसाळाभर सायकलीवर येऊन खिडकीत बसायचे आणि शेवटचा आकडा ऐकून लिहायचे. त्या वर्षी ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि ओव्हरसियरनं मायला सांगितलं, "तुमची मुलगी मॅट्रिक झाली आहे ना, तिला लिहू द्या."

ती मुलगी मी. एकोणीस वर्षांची, आणि गावातली सगळ्यात शहाणी. आमच्या वस्तीत तरुण मंडळ होतं, त्याची पत्रकं मी लिहायची. ती छापायला चिखलीला जायची. तिथल्या छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला आम्ही काकाजी म्हणायचो. छपाईचे खिळे जुळवता जुळवता त्यांनी मला लिहायला शिकवलं. "पत्रक म्हणजे शाळेतला निबंध नव्हे बाई. पहिल्या ओळीत कोणावर, दुसऱ्या ओळीत केव्हा. मधात काय लिहायचं ते लिही. पण शेवटी वाचणाऱ्याच्या छातीवर बोट ठेव आणि सांग, तू काय करणार." मी सगळं आयुष्य याच्या बाहेर गेले नाही. हे प्रकरणही बघा तसंच सुरू झालं आहे.

तर मृगात वही माझ्या हातात आली आणि तिसऱ्या दिवशी मी लाभावर बंदी घातली. मायनं पहिला ग्लास ओतून "लाऽभ" म्हटलं, आणि मी खिडकीतून ओरडले, "माय, हे बंद कर."

"काय बंद करू?"

"लाभ. कोणाचा लाभ? रास मालकाची, पायली मालकाची, तुह्या बापाच्या तोंडात नुसता लाभ. आपण देव सोडले अन् हे काऊन धरून ठेवलं?"

"पावसाले काय मालक असते का पोरी?"

"मंग त साधं एक म्हण. एक म्हटल्यानं पाऊस थांबून राह्यला का कुठी?"

खाटेवरून बाबा म्हणाले, "म्हन व माय एक. पोरगी मॅट्रिक हाय, आता ढगबी तिले इचारून येतीन." मायनं दुसरा ग्लास भरला. दुसऱ्या दिवशीपासून लाभ ऐकू येईनासा झाला आणि मला मोठा विजय वाटला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नक्षत्रं मात्र माझ्याही तोंडात तशीच होती. ती मला कधी अंधश्रद्धा वाटली नाहीत. बंदी घालणाऱ्याचं नेहमी असंच असतं, स्वतःच्या तोंडातलं त्याला ऐकू येत नाही.

लिहायचीही मी नवी पद्धत काढली. दर हाकेला वहीत एक उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. स्वच्छ, शास्त्रीय. छपरावर पाऊस ताशासारखा वाजायचा, त्यात शब्द कळायचा नाही, हाक तेवढी कळायची. आणि हाक कळली की पुरे होतं, कारण माझ्या मांडीवर वहीखाली पत्रकाचा कच्चा मजकूर असायचा आणि माझं निम्मं डोकं त्यात असायचं. हाक आली, रेघ मारली. शेवटची हाक "वरून" अशी लांब यायची, तेवढा आकडा नीट ऐकून लिहायचा. झालं. चहा.

आता पाण्याचं. नगरपालिकेच्या हापिसात काचेच्या चौकटीत एक तक्ता लावलेला होता. तलावावर मृगापासून अठरा इंच पाऊस झाला की गावाला रोज पाणी, तोवर तिसऱ्या दिवशी. तलावात पाणी किती हे बघायची लोखंडी पट्टी आदल्या वर्षीच्या पुरात वाकली होती, आणि तळाशी गाळ किती साचला हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून ओव्हरसियर फक्त पावसाच्या वहीवर चालायचे. पुण्याकडचे, सडपातळ, पावसातही कडक इस्त्रीचे. "पट्टी वाकते, पाऊस वाकत नाही," असं त्यांचं एक वाक्य होतं आणि ते त्यांना फार आवडायचं. तिसऱ्या दिवशीचं पाणी पेठेतल्या नळांना तासभर यायचं. आमची वस्ती नळाच्या शेवटच्या टोकाला. तिथं पाव तास नळ नुसते सुस्कारे टाकायचा, मग दहा मिनिटं करंगळीएवढी धार, मग पुन्हा सुस्कारे. घागरींची रांग नळापासून विहारापर्यंत जायची.

आणि त्या वर्षी पाऊस काही कमी नव्हता. पुनर्वसूत नाले भरून वाहिले, तलावाचं पाणी चौकीच्या खालच्या पायरीला लागलं. मी रोज खिडकीतून तो भरलेला तलाव बघत होते आणि वस्तीत गेले की रिकाम्या घागरी बघत होते. बावळट माणसालाही राग आला असता. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'तलाव भरला, नळ कोरडा. पाणी कोणाच्या घशात?' ओव्हरसियरचं नाव घातलं, पाणी समितीच्या अध्यक्षाचं नाव घातलं. शनिवारच्या बाजारात वाटलं आणि संध्याकाळपर्यंत हापिसापुढं दोनशे माणसं उभी राहिली. त्यात पेठेतलेही होते. ते मला फार गोड वाटलं.

ओव्हरसियर वही घेऊन पायरीवर आले. म्हणाले, "मी तक्त्याप्रमाणं चालतो. तलावावर साडेचौदा इंच पाऊस झाला आहे, अठरा झालेला नाही. ही वही चौकीवरून आली आहे. अक्षर कोणाचं ते पत्रक लिहिणाऱ्यांनी ओळखावं." अक्षर माझं होतं. मी तिथंच होते. पण मला तेव्हा काही खटकलं नाही, उलट वाटलं, बघा, माझ्या मायच्या आड लपतो आहे. मग समितीच्या अध्यक्षांनी सोमवारी कचेरीतला आकडा मागवला. तालुक्याच्या कचेरीच्या आवारातही पाऊस मोजत. तिथं एकवीस इंच निघाला. दोन मैलांत साडेसहा इंचांचा फरक. अध्यक्ष सभेत म्हणाले, "मंग बाई मोजतच नाही. घरात बसून आकडा सांगते. नाही त पाणी फेकून देते." सभेतला आणखी एक जण म्हणाला, ते मी ऐकलं नाही पण मला सांगितलं गेलं, "त्यायच्या हाती गावाचं पाणी द्याच काऊन?" सांगणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही छापलं असतं.

मंगळवारी साडेआठला ओव्हरसियर सायकलीवर आले. हुकूम वाचून दाखवला. पावसाची खोटी नोंद ठेवल्यावरून कामावरून दूर करण्यात येत आहे, चौकी आठ दिवसांत मोकळी करावी, ग्लास व वही ताबडतोब जमा करावी. हुकमात नाव बाबांचं होतं. ग्लास मात्र मायच्या हातात होता. त्यांनी हात पुढं केला, मायनं दिला नाही, मग त्यांनी बोटं धरून काढून घेतला. जोरानं नाही. पण काढून घेतला.

त्या दिवशी चूल पेटलेली होती आणि कोणी जेवलं नाही. माय खोलीच्या दारात बसून राहिली. आठ दिवसांनी डोक्यावर छप्पर असणार नव्हतं, बाबांना चौकीबाहेरची एकही वाट हातानं ओळखता येत नव्हती, आणि माय यातलं काहीच बोलत नव्हती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली. "माह्यं माप खोटं म्हनलं. बकऱ्या सोडल्या म्हनले असते त चाललं असतं. माप खोटं म्हनलं." मी तिच्यासमोर बसून दुसरं पत्रक लिहीत होते. इतकं जहाल मी त्याआधी लिहिलं नव्हतं, नंतरही लिहिलं नाही. त्यात ओव्हरसियरला मी पाणीचोर म्हटलं, कचेरीतला आकडा बनावट म्हटला, आणि शेवटी गावाला विचारलं, एका गरीब बाईच्या पोटावर पाय देणाऱ्याला तुम्ही किती दिवस सहन करणार? बुधवारी सकाळच्या गाडीनं मी ते चिखलीला काकाजींकडं पाठवून दिलं. मायला वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलंही नाही.

बुधवारी दिवस कलला तसा पाऊस लागला तो गुरुवारी सकाळीही थांबला नव्हता. सकाळी ओव्हरसियर, अध्यक्ष आणि नवा चौकीदार असे तिघं छत्र्या आणि जमा केलेली वही घेऊन आले. नवा माणूस पेठेतल्या कोणाचा तरी गडी होता, बिचारा यंत्राकडं असं बघत होता की जणू त्यात नाग आहे. मायनं सांगितलं, "माप सोडतानी एकदा मोजून द्या लागते. खळ्यावरचा रिवाज हाय. मोजून देल्याबिगर मी उठत नाही." अध्यक्षांचं स्वतःचं शंभर पोत्यांचं खळं होतं, त्यांना रिवाज माहीत होता. त्यांनी मान हलवली. ओव्हरसियरनं ग्लास परत तिच्या हातात दिला आणि छत्री धरून तिच्या अगदी जवळ उभे राहिले, नव्या माणसाला समजावं म्हणून. मीही कुंपणाशी उभी होते. वही माझ्याकडं नव्हती, म्हणून खिडकीत बसायचं कारण नव्हतं. त्या पावसाळ्यात मायला मोजताना मी पहिल्यांदा बघत होते.

मायनं बाटली उचलली. ग्लास काठोकाठ भरला, डोळ्यासमोर धरला, ओतून दिला. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं दुसरा भरला आणि हाक दिली, "दोऽन."

"थांबा," ओव्हरसियर म्हणाले. "एक कुठं गेला?"

"तुमच्या बुटावर सांडला ना साहेब."

"पाणी नाही हो बाई, आकडा. तुम्ही एक म्हणालाच नाहीत."

"पयल्या मापाले एक म्हनत नसतेत."

"मग काय म्हणतात?"

माय माझ्याकडं बघू लागली. मी अजूनही तिचा तो चेहरा विसरलेले नाही. चहाडी करायची नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशी अडकलेली. "इले आवडत नाही," ती हळूच म्हणाली.

"काय आवडत नाही?"

"लाभ म्हनलेलं."

ओव्हरसियरनं छत्री खाली घेतली. त्यांच्या डोक्यावर पाऊस पडू लागला ते त्यांच्या लक्षात आलं नाही. "आमची आई तांदूळ मोजताना म्हणते," ते जणू स्वतःलाच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही वहीत रेघा मारता. कशाच्या?"

"हाकांच्या."

"आकड्यांच्या नाही?"

"छपरावर पाऊस वाजते. आकडा ऐकू येत नाही. हाक येते."

बोलता बोलताच मला कळलं. रोजचा पहिला ग्लास. मृगातल्या तिसऱ्या दिवसापासून ज्या ज्या दिवशी अर्ध्या इंचावर पाऊस झाला त्या प्रत्येक दिवसाचा पहिला ग्लास मायनं मुक्यानं ओतला होता, कारण मी तिला मुकं केलं होतं, आणि मी तो लिहिला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "मले कोनी समजून सांगन का, झालं काय?" तेव्हा चौकीच्या दारातून, खाटेवरूनच, बाबा म्हणाले, "काय होनार, अध्यक्ष? लाभ वाहून गेला."

"तुम्हाला माहीत होतं?" ओव्हरसियरनं विचारलं.

"ऐकू येत नव्हतं हे माहीत होतं. मले वाटलं माय-लेकीनं ठरवलं असंन. आंधळ्याले कोन इचारते?"

मग माय आत गेली आणि मडकं घेऊन आली. मडक्यात चिंचोके होते. खळ्यावर दर पायलीला एक चिंचोका बाजूला टाकतात, तसा ती दर पूर्ण ग्लासाला मृगापासून एक टाकत आली होती. कोणाला दाखवायला नाही, सवय म्हणून. "लाभाचाबी टाकला?" अध्यक्षांनी विचारलं. माय त्यांच्याकडं बघतच राहिली. "तो टाकल्याबिगर दुसरा टाकता येते का दादासाहेब?" चौघं मोठी माणसं ओल्या पायरीवर बसून चिंचोके मोजू लागली. अध्यक्षांनी मोजले, पहिल्याला त्यांच्याही तोंडून लाभच निघालं. छत्तीस भरले. वहीतल्या माझ्या रेघा तेवीस. तेरा ग्लास कमी, म्हणजे साडेसहा इंच. साडेचौदात साडेसहा मिळवून ओव्हरसियरनं तो आकडा मोठ्यानं वाचला, "एकवीस," आणि कचेरीचा कागद खिशातून काढून त्याच्याशेजारी धरला. पाऊस वाकला नव्हता. मी वाकवला होता.

त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. वहीत लिहिलं, 'मोजणीची हाक ऐकण्यात चूक, दुरुस्त केली.' माझं नाव लिहिलं नाही. लिहिता आलं असतं. हुकमाचा कागद त्यांनी दोनदा घडी करून फाडला आणि तुकडे परत खिशात ठेवले, बांधावर टाकले नाहीत. मायला म्हणाले, "बाई, माझं चुकलं. आधी इथं येऊन उभं राहायला हवं होतं." अध्यक्षांनी तसं काही म्हटलं नाही, पण नव्या माणसाला म्हणाले, "चाल बे घरी. तुह्यं काही काम नाही इथं." तो सगळ्यांत आनंदानं गेला. मी कुंपणाची तार धरून उभी होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी भूक लागली होती, खरी, दोन दिवसांची, पोटात पीळ पाडणारी भूक. सुटका म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आधी पोटाला कळतं.

जाताना ओव्हरसियर म्हणाले, "तुमच्या पत्रकात मी गावाचं पाणी खाल्लं आहे."

"दुसऱ्यात पाणीचोर आहात," मी म्हणाले. "ते चिखलीला छापून राह्यलं."

"आता?"

"आता दुरुस्ती छापीन."

"कोणाच्या नावानं?"

"माह्या."

"मग पहिल्या ओळीत घाला," ते सायकलीवर बसत म्हणाले. "तुमच्याकडं तशी पद्धत आहे म्हणतात."

दुपारची एस.टी. मिळाली. काकाजींकडं पोचले तेव्हा पाचशे कागद एका बाजूनं छापून दोरीवर वाळत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. एक कागद उलटा केला. "मागची बाजू कोरी हाय. जुळव खिळे." मी स्वतः जुळवले. पहिल्या ओळीत गयाबाई तुळशीराम यांच्यावर अन्याय झाला, दुसऱ्या ओळीत केव्हा, तिसऱ्या ओळीत तो त्यांच्या मुलीनं केला. शनिवारी वाटला. मंडळातले काही जण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. अशानं चळवळीची किंमत जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या चळवळीची किंमत खरं सांगितल्यानं जाते, तिची किंमत आधीच कोणी तरी खाल्लेली असते.

पण त्याआधी शुक्रवार. शुक्रवारी सकाळी वस्तीतल्या नळानं सुस्कारे टाकले, एक, दोन, आणि तिसऱ्याला मनगटाएवढी धार आली. ती थांबेना. बायका घागरी भरून झाल्यावरही रांगेत उभ्या राहिल्या, आता थांबेल म्हणून. मग त्यांनी तिथंच लेकरं न्हाऊ घातली. माय तिथं नव्हती. ती साडेआठला बांधावर होती आणि मी, वही पोत्याच्या खोळीत धरून, खिडकीत नाही, कुंपणाशी. तिनं ग्लास भरला, डोळा मिटला आणि थांबली.

"म्हनू का व बाई?"

"म्हण."

"लाऽभ," ती म्हणाली, आणि आतून बाबांचा आवाज आला, "आता भाकर वाढा."

लाभ ही अंधश्रद्धा होती का? होती. एक म्हटल्यानं पाऊस थांबत नाही, हे मी आजही म्हणेन. पण ती खोडायची होती तर आधी तिच्याशेजारी उभं राहून ती कशी चालते ते बघायला हवं होतं. मी खिडकीतून ओरडले. आता त्या बांधावर पाऊस मोजणारं यंत्र बसलं आहे, ते आपोआप मोजतं आणि आकडा कुठं तरी दूर पाठवतं. ते काहीच म्हणत नाही. बांधाच्या तोंडाशी एक दगड आहे, त्यावर अध्यक्षांची, ओव्हरसियरांची, उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत. नगरपालिकेच्या जुन्या वह्यांत चौकीदार म्हणून बाबांचा अंगठा आहे. मायचं नाव एकाही कागदावर नाही, माझ्या त्या एका पत्रकाच्या मागच्या बाजूशिवाय.

तुम्ही हे वाचलं. तुमच्या घरी नळ आहे. मग तुमच्याही गावाचं पाणी कोणी तरी मोजतं, कोणी तरी त्याचं चाक फिरवतं, आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही. उद्या सकाळी साडेआठला तिथं जा. खिडकीत बसू नका, कुंपणाशी उभे राहा, नुसती हाक ऐकू नका, शब्द ऐका. नाव विचारा आणि नगरपालिकेकडून ते दगडावर लिहून घ्या, लिहीपर्यंत उठू नका. आणि दगडावरची ती नावं मोजाल तेव्हा पहिल्या नावाला एक म्हणू नका.